शास्त्रवाचन आणि प्रार्थना वेगळ्या झाल्या की दोन्ही कोरड्या पडतात

तुम्ही लिहिलं आहे की लहानपणापासून ख्रिस्ती घरात वाढलात आणि उपासना कधी चुकवली नाहीत. या वर्षी संपूर्ण बायबल वाचून काढायचं ठरवलंत. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं उत्साहात झाली, तिसऱ्या, लेवीयमध्ये गाडी अडली. आता रोजचे अध्याय डोळ्यांखालून जातात, पण दुपारी आठवू म्हटलं तर काही आठवत नाही. प्रार्थनेत तीच नावं, त्याच मागण्या येतात आणि दोन मिनिटांत मन कामाच्या ठिकाणी पोचतं. शेवटी विचारलंत, "माझा विश्वासच कच्चा आहे का? रोज आणखी किती वेळ द्यायला हवा?"

मी बरीच वर्षं मंडळीत पाळकाचं काम करतो आणि बायबल अभ्यासाचे गट चालवतो. हा प्रश्न नव्या विश्वासणाऱ्यांपेक्षा तुमच्यासारख्या, मनापासून प्रयत्न करणाऱ्या माणसांकडूनच मी जास्त ऐकतो. म्हणून आधी एक सांगतो. ज्याचा विश्वास मेला आहे त्याला वचन कोरडं लागल्याचं दुःख होत नाही. तुम्हाला होतं आहे, याचा अर्थ आत तहान आहे.

आता वेळेबद्दल. तुमची अडचण वेळ कमी पडण्याची नाही असं मला वाटतं. तुम्ही जे वर्णन केलं आहे त्यात वाचन हे एक काम आहे आणि प्रार्थना हे दुसरं. आधी अध्याय संपवायचे, बायबल मिटवायचं, डोळे मिटायचे आणि मग आपल्या मनातली यादी देवापुढे मांडायची. देव जे बोलला त्याला तुमच्याकडून उत्तर जात नाही, आणि तुम्ही जे बोलता त्याचा त्याच्या बोलण्याशी संबंध नसतो. कुठल्याही नात्यात असं चाललं तर ते नातं कोरडं होईल. या दोन गोष्टी जोडायच्या कशा, हेच मला मुख्यतः सांगायचं आहे.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर हे प्रार्थनेचा माणूस म्हणून जगभर ओळखले जातात. त्यांनी 1841 मध्ये आपल्या सकाळच्या सवयीबद्दल लिहून ठेवलं आहे. त्याआधी किमान दहा वर्षं ते उठून तयार झाले की थेट प्रार्थनेला बसत, आणि पुष्कळदा पहिली दहा मिनिटं, पाव तास, कधी अर्धा तासही मन भरकटण्यात जाई. मग कुठे खरी प्रार्थना सुरू होई. त्यांनी क्रम बदलला. देवाचा आशीर्वाद मागणारे दोन शब्द बोलून ते थेट नव्या करारावर मनन करू लागले, एकेका वचनातून आपल्या जिवाला काय अन्न मिळतं ते शोधू लागले. प्रार्थना करायची म्हणून ते बसले नव्हते, तरी काही मिनिटांतच ते मनन पापकबुलीत, उपकारस्तुतीत किंवा दुसऱ्यांसाठीच्या विनंतीत बदलून जाई. म्यूलरसारख्या माणसाचं मन अर्धा तास भटकत होतं, हे वाचून पुष्कळांना धीर येतो. मला त्याहून महत्त्वाचं हे वाटतं की मन आवरण्यासाठी त्यांनी इच्छाशक्तीला आणखी ताण दिला नाही. त्यांनी मनाला आधी वचन दिलं.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? एक उतारा घेऊन दाखवतो. मार्कच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायाच्या शेवटी, 46 ते 52 या सात वचनांत, आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट आहे. तुमच्या वार्षिक वेळापत्रकात ती अर्ध्या मिनिटात संपेल. एका सकाळी फक्त तीच वाचा.

पहिल्यांदा मोठ्याने वाचा, नुसती गोष्ट कळण्यासाठी. यरीहोच्या वाटेवर एक आंधळा भिकारी बसला आहे. येशू जातो आहे हे कळताच तो ओरडू लागतो. लोक त्याला गप्प बसायला सांगतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावतो. तो अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तो म्हणतो, मला पुन्हा दिसावं. त्याला दृष्टी येते आणि तो येशूच्या मागे वाटेने चालू लागतो.

दुसऱ्यांदा हळू वाचा आणि जिथे पाय अडखळतो तिथे थांबा. मला तर दर वेळी येशूचा प्रश्नच थांबवतो. समोर आंधळा माणूस उभा आहे, त्याला काय हवं हे कुणीही सांगेल. तरीही येशू विचारतो. आता थोडं मागे जा. याच अध्यायात, 36व्या वचनात, येशूने जवळजवळ हाच प्रश्न आपले शिष्य याकोब आणि योहान यांना विचारला आहे, आणि त्यांनी त्याच्या उजव्या-डाव्या बाजूची मानाची जागा मागितली आहे. एकाच अध्यायात तोच प्रश्न दोनदा येतो. रोजचे सोबती मान मागतात आणि वाटेवरचा भिकारी दृष्टी मागतो. मार्कने या दोन गोष्टी लागोपाठ का ठेवल्या असतील, यावर पाच मिनिटं बसा.

इथून प्रार्थना सुरू होते, आणि बायबल मिटायची गरज नाही. येशूचा प्रश्न स्वतःला विचारला गेला आहे असं समजून उत्तर द्या. खरं उत्तर द्या, शोभेल ते नको. "प्रभू, खरं सांगायचं तर मला या महिन्यात बढती हवी आहे, आणि माझ्या भावाने माफी मागावी असं वाटतं." चालेल, बोला. मग हेही विचारा की यातलं किती याकोब-योहानासारखं आहे आणि किती बार्तीमयासारखं. बोलता बोलता तुमची यादी बदलते. मी गटांमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलं आहे की माणसं मागणी घेऊन या उताऱ्यापाशी येतात आणि अर्ध्या तासाने वेगळंच काही मागत असतात, ते त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

तिसऱ्यांदा वाचताना दिवसभर सोबत न्यायचं एकच वाक्य निवडा. बार्तीमयाची हाक घ्या: "येशू, दाविदाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर." पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत शतकानुशतकं जी येशूप्रार्थना म्हटली जाते, तिच्यात अशाच हाकांचे शब्द आहेत. जिना चढताना, रांगेत उभं असताना, फोन उचलण्याआधी ती म्हणता येते.

यात नवं काही नाही. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या, कार्थुसियन संघातल्या मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोरची निःशब्द स्थिरता असा क्रम लिहून ठेवला आहे. कॅथोलिक परंपरेत तो आजही शिकवला जातो. तुम्ही कुठल्याही मंडळीचे असा, पद्धतीचा गाभा तोच राहतो.

आता तुमच्या वार्षिक वाचनाबद्दल. प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय आहेत, म्हणजे वर्षात संपवायला रोज तीनहून थोडे जास्त अध्याय. हे वाईट मुळीच नाही. संपूर्ण शास्त्राचा आवाका कळायला असं वाचन लागतंच आणि आयुष्यात कधीतरी ते जरूर करा. पण ज्यांच्या वेळापत्रकाने कितीतरी लोक आजही वाचतात, ते स्कॉटलंडमधल्या डंडीचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅक्शेन यांनी ते 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी तयार केलं, तेव्हा फायद्यांच्या आधी धोके लिहिले. वाचन नुसता उपचार होऊ शकतं, वाचल्याचा अहंकार येऊ शकतो, घाईत बेफिकीर वाचन होऊ शकतं आणि काहींना ते न पेलणारं ओझं होऊ शकतं, असं त्यांनी स्वतःच बजावलं होतं. तुमच्या बाबतीत शेवटचे दोन धोके खरे झालेले दिसतात. तेव्हा वेळापत्रक काही महिने बाजूला ठेवायला संकोच करू नका. त्यात देवाशी केलेला कुठलाही करार मोडत नाही.

लेवीयविषयी एवढंच की ते सोडून द्यायचं पुस्तक नव्हे, पण एकट्याने रोज तीन अध्याय अशा वेगाने वाचायचंही नव्हे. पवित्र देव अपवित्र माणसांमध्ये राहणार कसा, हा त्याचा प्रश्न आहे. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा 16वा अध्याय त्याच्या मध्यावर उभा आहे. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची जी आज्ञा आपण येशूच्या तोंडी ऐकतो, ती 19व्या अध्यायातली आहे. पुढे कधी वाचाल तेव्हा इब्री लोकांस पत्राचे 9वा आणि 10वा हे अध्याय शेजारी उघडे ठेवा.

मन भटकण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माणसं सर्वांत जास्त लाजतात ती याच गोष्टीला. प्रोटेस्टंट सुधारणेचा नेता मार्टिन ल्यूथर याला त्याचा न्हावी पेत्र याने प्रार्थना कशी करावी असं विचारलं, तेव्हा 1535 मध्ये ल्यूथरने त्याच्यासाठी छोटी पुस्तिकाच लिहिली. त्यात तो म्हणतो की चांगल्या न्हाव्याचं सगळं लक्ष वस्तरा आणि केसांवर असतं. तो गप्पा मारत इकडेतिकडे बघू लागला तर गिऱ्हाइकाचं नाक नाहीतर गळा कापेल. पण ल्यूथर नुसतं "लक्ष द्या" म्हणून थांबत नाही, मनाला धरायला काहीतरी देतो. दहा आज्ञांपैकी एक घ्यायची आणि तिला चार बाजूंनी पाहायचं: ही मला काय शिकवते, हिच्यासाठी मी देवाचे उपकार कसे मानू, मी कुठे चुकलो त्याची कबुली, आणि आता मी काय मागू. हे चार प्रश्न तुम्ही कुठल्याही वचनाला लावू शकता. आणि तो हेही सांगतो की प्रभूच्या प्रार्थनेतल्या एकाच विनंतीवर मन रमलं तर बाकीच्या राहू द्या, कारण त्या वेळी पवित्र आत्माच शिकवत असतो. पाळकांनीही हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. आपण लोकांना प्रार्थना "पूर्ण" करायची इतकी सवय लावतो की आत्मा बोलू लागला तरी ते पुढच्या मुद्द्यावर जातात.

माझ्याकडून दोन साध्या गोष्टी जोडतो. ओठ हलवून, ऐकू येईल अशा आवाजात प्रार्थना करा, आणि जमलं तर चालत करा. मनातल्या मनात केलेली प्रार्थना विचारात मिसळून जायला वेळ लागत नाही. आणि मन कामाच्या ठिकाणी पळालंच, तर त्याला ओढून आणताना स्वतःला रागावू नका. ते जिथे पळतं तिथे बहुधा तुमची खरी काळजी असते. त्या काळजीचं नाव घ्या, तीच देवापुढे ठेवा, मग वचनाकडे परत या.

दुसऱ्यांसाठीच्या प्रार्थनेतला तोचतोपणाही वचनानेच जातो. तुमच्या यादीत दहा नावं असतील आणि प्रत्येकापुढे "आशीर्वाद दे, सांभाळ" एवढंच असेल, तर जीभ आपोआप चालते. प्रेषित पौलाच्या पत्रांत त्याने लोकांसाठी केलेल्या प्रार्थना जशाच्या तशा आहेत: फिलिप्पैकरांस 1:9-11, कलस्सैकरांस 1:9-12, इफिसकरांस 3:14-19. यांतली एक घ्या आणि प्रत्येक दिवशी एकाच माणसाचं नाव तिच्यात घाला. फिलिप्पैकरांसाठी पौल मागतो की त्यांची प्रीती ज्ञानाने आणि विवेकाने वाढत जावी. आपल्या तरुण मुलासाठी हे मागून पाहा. "त्याला नोकरी मिळू दे" हेही मागालच, पण त्याच्याविषयी देवाला काय हवं आहे तेही तुमच्या तोंडी येऊ लागेल.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमचं घर, तब्येत, कामाच्या वेळा मला माहीत नाहीत, आणि एकच पद्धत सर्वांना लागू पडते असं मी म्हणणार नाही. तान्ह्या बाळाची आई किंवा रात्रपाळीचा माणूस यांनी पहाटेच्या शांत तासाचा हट्ट धरू नये. त्यांनी वचन ऐकावं. युरोपात छपाईयंत्र पंधराव्या शतकाच्या मध्यावर आलं. त्याआधीच्या बहुतेक ख्रिस्ती लोकांच्या हातात स्वतःचं बायबल कधी नव्हतं. पौलाची पत्रंसुद्धा मंडळीत मोठ्याने वाचली जात, कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी तो तसं सांगतोच. ऐकून मनात धरलेलं एक वचन, हात कामात असताना, पूर्ण दिवस पुरतं. ज्यांना शक्य आहे त्यांनी मात्र वेळ आणि जागा ठरवावी. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. येशू कफर्णहूमातल्या गर्दीच्या संध्याकाळनंतर, अंधार असतानाच उठून एकांतात गेला. रोज नव्याने ठरवावं लागलं की बहुतेक दिवशी ते राहूनच जातं.

कोरडेपणाची कारणंही वेगवेगळी असतात, आणि इथे मी सावध राहतो. कधी कारण अगदी ठोस असतं. कुणाशी वैर धरलेलं असतं आणि आपण वेदीपाशी अर्पण घेऊन उभे असतो. मत्तय 5:23-24 मध्ये येशू सांगतो, आधी जाऊन समेट कर. पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:7) तर नवऱ्यांना स्पष्ट सांगितलं आहे की बायकोला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनेत अडथळा येणार नाही. असं काही मनात टोचत असेल तर वाचनाची पद्धत बदलून उपयोग नाही, माणसाकडे जा. कधी शरीर किंवा मन आजारी असतं. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कशातच रस उरलेला नाही, जगू नये असं वाटतं, अशी अवस्था असेल तर डॉक्टरांकडे जा आणि पाळकांनाही सांगा. त्याला अविश्वास म्हणून स्वतःला छळू नका.

आणि कधी कारण सापडतच नाही. मदर तेरेसा 1997 मध्ये गेल्या. त्यांची खाजगी पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की सेवाकार्याच्या कित्येक दशकांत त्यांना देवाचं सान्निध्य जवळजवळ जाणवलंच नव्हतं. त्या तरीही रोज प्रार्थनेला बसत होत्या. भावना नाही म्हणजे विश्वास नाही, हे समीकरण शास्त्रातही नाही. 13वं स्तोत्र काढा. पहिल्या दोन वचनांत चार वेळा तोच आक्रोश आहे, किती काळ, परमेश्वरा, किती काळ? हे स्तोत्र शेवटी भरवशाकडे वळतं. 88वं स्तोत्र तर वळतही नाही, अंधाराच्या उल्लेखावरच संपतं, आणि तरीही ते देवाच्या लोकांच्या प्रार्थनापुस्तकात आहे. देवाने आपल्याला तक्रारीचे शब्दही दिले आहेत. कोरड्या दिवशी गोड शब्द जुळवण्यापेक्षा 13वं स्तोत्र मोठ्याने म्हणा. तीही प्रार्थनाच आहे. रोमकरांस 8:26 मध्ये वचन दिलं आहे की आपल्याला कशी प्रार्थना करावी हे कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी विनंती करतो. हे वाक्य मी रुग्णालयांच्या खोल्यांमध्ये, बोलायलाही त्राण नसलेल्या माणसांपाशी बसून वाचलं आहे. माझा त्यावर पूर्ण भरवसा आहे.

तर सुरुवातीसाठी असं करा. मार्कचं शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत. आधी एका रविवारी दुपारी ते एका बैठकीत वाचून काढा, म्हणजे पूर्ण कथा डोक्यात बसेल. मग रोज एक छोटा प्रसंग, तीनदा, बार्तीमयाच्या उताऱ्यासारखा. वीस मिनिटं पुरेत. झोपण्याआधी दोन मिनिटं दिवसाकडे मागे वळून पाहा: सकाळचं वचन कुठे आठवलं, कुठे त्याच्या उलट वागलो. कुठे आभार मानायचे आणि कुठे क्षमा मागायची ते लगेच दिसतं. एखादा दिवस चुकला तर तो भरून काढायचा नाही, पुढचा प्रसंग घ्यायचा. थकबाकी साठवणारी माणसं महिन्याभरात वाचन सोडतात, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

शेवटची गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात कुठेच नव्हती: तुम्ही हे सगळं एकट्याने करत आहात. प्रेषितांची कृत्ये, आठव्या अध्यायात, कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचतो आहे. येशूचा अनुयायी फिलिप्प विचारतो, वाचता आहात ते समजतं का? तो म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार? आणि तो फिलिप्पाला शेजारी बसवून घेतो. तुमच्या मंडळीत एक माणूस शोधा. विद्वान नसला तरी चालेल, प्रामाणिक असावा. दोघांनी मार्कमधला तोच प्रसंग त्याच दिवशी वाचायचा आणि आठवड्यातून एकदा भेटून किंवा फोनवर तीनच गोष्टी बोलायच्या: कुठल्या वचनापाशी थांबलो, काय कळलं नाही, आणि आज तू माझ्यासाठी काय मागशील. मग फोन ठेवण्याआधी ते मागायचं, तिथल्या तिथे, मोठ्याने.